ठिपके काचेच्या बाहेरून

५ ऑक्टोबर, रविवार

आज तांबट. काल बुलबुल.

मालिनीसमोर मऊ भाताचं ताट ठेवलं, पहिला घास तोंडात गेला आणि हॉलच्या मोठ्या काचेवर धप्प! घास तोंडात तसाच ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "नारळ पडला असेल." ती म्हणाली, "आपल्याकडे नारळाचं झाड कुठाय?" संपलं जेवण. ताट सरकवलं ते सरकवलंच.

बाहेर जाऊन बघितलं तर हिरवागार तांबट, कपाळावर लाल टिळा, मान मोडलेली. कुंपणालगतच्या उंबरावर दिवसभर टुक टुक करत असतो तोच असावा. खड्डा करून पुरला. आत आल्यावर मालिनीने विचारलं, "उडाला ना?" म्हटलं, "हो, उडाला." तिने माझ्या चिखलाच्या हातांकडे बघितलं.

ही काच म्हणजे अवधूतची हौस. अंबरनाथचा फ्लॅट विकून मुलाने इथे सोनिवलीत बंगला बांधला, आणि हॉलची मागची अख्खी भिंत काचेची केली. वरपासून खालपर्यंत काच. "बाबा, डोंगर दिसतील." दिसतात. पूर्वीही पाखरं आपटत असतील, पण दिवसभर हॉलमध्ये बसतंय कोण? गेल्या महिन्यात मालिनीची कॉट खाली हॉलमध्ये आणली तेव्हापासून हे कळायला लागलं.

आणि नेमकं आत्ता, जेव्हा गाडी रुळावर येते आहे! परवा डॉक्टरांनी इंजेक्शनं बंद केली. म्हणाले, "काका, आता हॉस्पिटलच्या चकरा नकोत. घरीच ठेवा. आवडेल ते खाऊ द्या, पथ्य नको." पथ्य सुटलं म्हणजे सुधारणा आहे, हे शेंबड्या पोरालाही कळेल. अवधूत मात्र गाडीत तोंड पाडून बसला होता. ह्या पिढीला चांगली बातमीसुद्धा पचत नाही.

हिशेब सरळ आहे. पोटात अन्न गेलं की ताकद येईल, ताकद आली की दिवाळीनंतर पुढचे उपचार. मध्ये फक्त ही काच आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आयुष्य गेलं मोरिवलीजवळच्या केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर म्हणून. ॲक्सिडेंट होत नाही, होऊ दिला जातो, हे नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचो. ऑफिसच्या काचेच्या दारावर एक मॅनेजर नाक फोडून घेऊन गेला तेव्हा मीच तिथे काळे-पिवळे पट्टे लावले होते. पुन्हा कोणी आपटलं नाही.

तेच केलं. बाजारातून काळा-पिवळा टेप आणला आणि आतल्या बाजूने काचेवर आडवे पट्टे मारले. स्टुलावर चढलो म्हणून वैदेही ओरडली. सुनेचा जीव घाबरट. मालिनी कॉटवरून बघत होती. काम झाल्यावर म्हणाली, "अहो, मला फॅक्टरीत ॲडमिट केलंय का?" फार दिवसांनी हसली. हसताना पोटाला हात लावला.

संध्याकाळी साळुंकी आपटली. पट्ट्यावरच.

८ ऑक्टोबर, बुधवार

पट्टे काढले. जाड पडदा ओढला. मालिनीने भिंतीकडे तोंड केलं आणि दिवसभर पाणीसुद्धा मागितलं नाही. "पडदा लावलात तर सकाळ झाली की नाही तेही मला कळायचं नाही," म्हणाली. आणि पडद्याआडूनही धप्प झालंच! आत पडदा आहे की नाही ह्याच्याशी पाखराला काही देणंघेणं नाही असं दिसतंय. का, ते समजत नाही. चिडचिड झाली, बनूबाईवर ओरडलो. ती खरवईहून मालिनीचं बघायला येते. तिचा काय दोष? पण ती "बाबा, जानाऱ्याला कोन धरतंय, जाऊ द्या" असं म्हणाली आणि माझं टाळकं सणकलं.

पडदा काढला.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज खरा गुन्हेगार सापडला, आणि तो मीच निघालो.

मालिनीचा एक नेम आहे. जेवायच्या आधी कावळ्याचा घास. फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायची. आजारी पडल्यापासून तो मी ठेवतो. तिला कॉटवरून दिसावं म्हणून काचेसमोर अंगणात एक जुनं टेबल टाकलंय आणि त्यावर भात, पोळीचा चुरा. कावळे येतात, चिमण्या, साळुंक्या, सगळं गणगोत येतं. खाऊन उडाले की समोर काच!

म्हणजे धोका काचेजवळ आहे. धोक्यापासून माल लांब न्यायचा, हा पहिला नियम. टेबल उचलून पार कुंपणाकडे उंबराखाली नेलं.

मालिनी म्हणाली, "लांब कशाला? उलट काचेला लागून ठेवा ना."

म्हटलं, "तू आराम कर. ह्यातलं तुला काही कळत नाही."

१२ ऑक्टोबर, रविवार

एकाच दिवसात तीन. एक हळद्या. एवढं पिवळं पाखरू मी आयुष्यात एवढ्या जवळून बघितलं नव्हतं, आणि बघितलं ते असं. चोचीतून रक्त.

मालिनीने सगळं बघितलं. लपवायला काही उरलंच नाही. म्हणाली, "धावत यायला अंगण दिलंत तुम्ही त्यांना." आवाजात राग नव्हता, दमलेली होती. दिवसभरात दोन चमचे पेज.

अवधूत संध्याकाळी मला बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, "बाबा, काचेचं राहू द्या आता. आईजवळ बसा." म्हटलं, मी काय इथे गोट्या खेळतोय? तिच्यासाठीच चाललंय ना! तो डोळे पुसायला लागला. पन्नाशीला आलेला माणूस! म्हटलं, आईसमोर असं रडू नकोस, तिचं मनोधैर्य खचतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

टेबल काचेला लावलं. अगदी चिकटवून. बायकोचं ऐकलं, झालं समाधान?

झालं. टेबलावरून उडणारा एकही पक्षी मेला नाही. उडाला तरी वेगच घेता येत नाही त्याला. कावळा तर काचेपलीकडे उभा राहून मान वाकडी करून मालिनीच्या ताटात काय आहे ते बघत होता. "मेल्या, तुझ्यापुढे आहे ते खा की," असं त्याला म्हणाली आणि स्वतः चार घास जेवली. चार घास! मी वैदेहीला हाक मारून दाखवलं.

पण उंबरावरून येणारे अजून येतात. संध्याकाळी एक बुलबुल. मालिनी झोपेत होती, देव पावला. हल्ली झोपते फार. डॉक्टरांनी दंडावर चिकटवायची ती पट्टी दिलीय, तिने दुखणं कमी झालंय. दुखणं कमी म्हणजे आजार हटतोय.

१५ ऑक्टोबर, बुधवार

हिमानी आली बंगळुरूहून. लेक दिवाळीला येते, पण भाऊबीजेच्या आदल्या दिवशी, उड्या मारत. ह्यावेळी मोठी बॅग घेऊन आली. परतीचं तिकीट विचारलं तर म्हणे काढलं नाही. नोकरी आहे की गेली, देव जाणे. आईच्या कुशीत अर्धा तास झोपली. ह्या वयात!

तिला काचेचं सांगितलं. तिने फोनवर काय काय वाचलं आणि मग मला हात धरून अंगणात नेलं. "बाबा, इथून बघा. काय दिसतं?"

बघितलं. उंबर दिसला. आभाळ दिसलं, डोंगर दिसला. आणि एक म्हातारा, ढगळ बनियनमधला. तो मी.

"आई दिसते?"

नाही. आई, कॉट, हॉल, काहीच नाही. काच इथून निव्वळ आरसा आहे. पाखरू उंबराकडेच निघालेलं असतं. आणि मी गाढवासारखा आतून पट्टे लावत बसलो होतो.

हिमानी म्हणाली, खुणा बाहेरूनच पाहिजेत. अख्ख्या काचेवर, आणि जवळजवळ. हाताच्या तळव्याएवढं भोक राहिलं तरी त्यातून जायला बघतात. नुसते ठिपके दिले तरी चालतील, पण ओळीत, दोन-दोन बोटांवर, सगळीकडे सारखे.

आत येऊन मालिनीला सांगितलं. ती म्हणाली, "दोन-दोन बोटांवर ठिपके? अहो, मग ती रांगोळीच की!"

१६ ऑक्टोबर, गुरुवार

माळ्यावरून दिवाळीचा डबा काढला. त्यात तिचा ठिपक्यांचा कागद निघाला. ड्रॉइंगच्या जाड कागदावर उदबत्तीने एकेक भोक पाडलेला, कडा करपलेल्या. कागद जमिनीवर ठेवायचा, वरून रांगोळी फिरवायची, उचलला की खाली ठिपक्यांचा सगळा पट तयार. अंबरनाथला दर दिवाळीत जिन्यापाशी ती हेच करायची आणि मी चपला घालून वरून जायचो. भांडण व्हायचं.

पांढरा ऑइलपेंट आणला. कागद काचेला बाहेरून चिकटवायचा, स्पंजच्या तुकड्याने रंग टिपायचा, उचलायचा, खाली सरकवायचा. काच केवढी आणि कागद केवढा! रंग ओघळतो. माझे हात थरथरतात. पहिला पट असा आला की जणू काचेला कांजिण्या झाल्यात.

अवधूत म्हणाला, पेंटर लावतो, एका दिवसात होईल. नाही म्हटलं. दिवाळीच्या तोंडावर पेंटर मिळतोय कुठे, आणि मिळाला तर दोन बोटांची चार बोटं करून पळेल. शिवाय मालिनीने विचारलं होतं, "तुम्ही काढणार? रांगोळी? तुम्ही?" हे ऐकल्यावर पेंटर कसा लावणार?

पाडव्याला ओवाळशील तेव्हा काच पूर्ण झालेली असेल, असं सांगून टाकलंय. हीच ओवाळणी.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आमची पद्धत बसली. मी बाहेर स्टुलावर. मालिनी आतून बघते, हिमानी तिच्याजवळ बसते आणि तिचा निरोप दाराशी येऊन ओरडते. "बाबा, आई म्हणते डावीकडे तिरकं गेलंय." "बाबा, आई म्हणते रंग कमी घ्या." "बाबा, आई म्हणते शेजारच्यांना दिसेल असं बनियन घालू नका." मला आतलं काही दिसत नाही. मी आपला काचेतल्या उंबराकडे बघून "बरं बरं" म्हणतो.

चहाला आत गेलो तर वैदेही रडत होती, हातात मालिनीच्या पाटल्या. मालिनीने तिला दिल्या म्हणे. म्हटलं, काय हे? पाटल्या आत्ता कशाला? बारीक झालीस म्हणून हातात राहत नाहीत, हे कबूल. पण भरशील ना पुन्हा! मालिनी म्हणाली, "हो, भरेन. तोवर तिच्याकडे राहू देत." मग मला सांगायला लागली की चहाची भुकटी वरच्या डब्यात असते, तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या फडताळात, हिवाळ्यातले कपडे कॉटखाली. म्हटलं, मला कशाला सांगतेस? तूच देशील ना. तिने डोळे मिटले. दमते लवकर.

२० ऑक्टोबर, सोमवार

नरकचतुर्दशी. जेवढ्या भागात ठिपके झालेत, तिथे आज एक बुलबुल उंबरावरून सुसाट आला आणि ऐन वेळी फडफड करत वळला! वळला! मी स्टुलावरून पडता पडता राहिलो. आत धावत गेलो. "बघितलंस?" मालिनी म्हणाली, "बघितलं." माझा रंगाचा हात धरून ठेवला. तिचा हात केवढासा झालाय.

करंजीचा एक तुकडा खाल्ला. पोटात राहिला नाही. पण खाल्ला ना.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. काच झाली नाही. खालचा डावा भाग राहिलाय, अर्ध्या दाराएवढा. दोन दिवस रंग वाळायलाच तयार नव्हता, त्यात पाठ धरली.

हिमानीने मालिनीला उशांना टेकवून बसवलं, हात खालून धरला आणि मालिनीने मला ओवाळलं. तबक पुरतं फिरलंही नाही. मी म्हटलं, ओवाळणी उधार राहिली, दोन दिवसांत देतो. ती म्हणाली, "राहू दे काच. इथे बसा ना जरा."

बसलो थोडा वेळ. पण उजेड जात होता आणि मला सारखा तो डावा कोपरा दिसत होता. तेवढ्याच भागातून एखादं पाखरू येईल आणि हिचं पुन्हा जेवण बंद होईल. जेवण बंद म्हणजे सगळं बंद. उठलो. रंगाचा डबा घेऊन बाहेर गेलो.

मला भीती वाटते. कशाची ते लिहिता येत नाही. स्टुलावर असलो की वाटत नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

मालिनी गेली.

काच पूर्ण झाली.

९ नोव्हेंबर, रविवार

लिहायचं नव्हतं. पण कोणाला तरी सांगायला पाहिजे आणि हे पोरांना सांगवत नाही.

त्या दिवशी सकाळी मी स्टूल बाजूला टाकून खाली मांडी घालून बसलो होतो, काचेचा तळ करत. मालिनीची कॉट तिथून हातभर आत. हिमानी बाहेर आली, म्हणाली, "बाबा, आत या." म्हटलं, ही ओळ संपवून येतो. ती पुन्हा आली. चपला नव्हत्या पायात. "बाबा, आत्ता या ना." मी म्हटलं, "चहा गाळून ठेव, आलोच." कागद काचेला लावलेला होता, उचलला असता तर रंग फिसकटला असता.

मला खरंच चहाचं वाटलं.

ओळ संपवली. हात पुसले. आत आलो तेव्हा वैदेही मालिनीच्या पायाशी बसलेली होती, आणि अवधूतने माझ्याकडे बघितलं, आणि मला त्याचं गाडीतलं तोंड आठवलं. डॉक्टर काय म्हणाले होते ते तेव्हा कळलं. शेंबड्या पोराला कळलं असतं. सगळ्या घराला माहीत होतं. बनूबाईला माहीत होतं. मालिनीला तर सगळ्यात आधी.

दहावं झालं, तेरावं झालं. पोरं अजून इथेच आहेत, माझ्याकडे चोरून बघतात. काल हिमानीला विचारलं, शेवटी काय झालं ते सांग. ती नको नको म्हणत होती. मग सांगितलं. मालिनी जागी होती. कूस वळवून द्या म्हणाली, काचेकडे. मी समोरच होतो, मांडी घालून, जीभ बाहेर काढून ठिपके टिपत. तिने हात उचलला. हलवला. मी तिच्याकडेच तोंड करून बसलो होतो, सरळ तिच्या डोळ्यांत बघत होतो, असं हिमानी म्हणते. तिने पुन्हा हलवला. मग म्हणाली, "बघत नाहीयेत. कामात आहेत. असू दे." हिमानी धावत बाहेर आली ती तेव्हा. दुसऱ्यांदा आली तोवर हात खाली गेला होता.

आणि मी काय बघत होतो? उंबर. आभाळ. स्वतःचं थोबाड.

काचेवर आता एकही पाखरू आपटत नाही. दिवसभर बसून बघितलं. येतात, ठिपके बघतात, वळतात. कॉट रिकामी आहे, जेवण कोणाचं बंद व्हायचंय? तरी येतात आणि वळतात.

आज सगळे जेवत असताना बाहेर गेलो. त्याच जागी मांडी घातली. ठिपक्यांमधून आपलाच चेहरा तुकड्या-तुकड्यांत दिसतो. मग नाक काचेला टेकवलं आणि दोन्ही तळवे डोळ्यांच्या बाजूला धरले, उजेड अडवून.

आतलं सगळं दिसतं. कॉट दिसते. उशी दिसते, उशीवरचा खोलगट भागसुद्धा दिसतो. एवढंच करायचं होतं. काचेला तोंड लावून हात धरायचे होते फक्त. दिवसातून एकदा जरी तसं करून बघितलं असतं तरी ती दिसली असती.

मालिनी, मला दिसत नव्हतं गं. मी समोर होतो आणि मला तू दिसत नव्हतीस.